कळवतो

प्राध्यापक हिम्मतराव सोफ्यावर नीट टेकले, पाण्याचा पेला खाली ठेवला, आणि मुलाच्या लग्नाच्या बोलणीला आलेल्या बापानं जे कधी करू नये ते त्यांनी केलं. विनोद सांगायला घेतला.

एकट्या त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गाय जशी ओळखीच्या गोठ्याकडे वळते तसा माणूस टाळीकडे वळतो. हिम्मतरावांची सारी नोकरी नांदेडला गेली, आणि तिकडे 'जग दिसतं तसं नाही' या विषयावर व्याख्यानं देत त्यांनी तालुके पालथे घातले. त्या व्याख्यानात एक विनोद होता. तो आला की मागच्या खुर्च्यांवर डुलक्या घेणारेसुद्धा जागे व्हायचे. बायको गेली, निवृत्ती झाली, आणि ते हैदराबादला मुलाकडे, संदेशकडे राहायला आले. सामान फार आणलं नाही. विनोद मात्र सोबत आणला.

समोर मुलीकडची मंडळी होती. मुलीचे वडील प्रशांत, आई इंदू आणि खुद्द रेणू. रेणूनं संदेशला ऑफिसातच पसंत करून टाकलं होतं. आजचा बेत निव्वळ मोठ्यांच्या समाधानासाठी. कोपऱ्यात पाट मांडून आजी चतुराबाई बसल्या होत्या. आणि चहाच्या ट्रेपाशी प्रशांतची थोरली बहीण त्रिवेणी. इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलींना जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून ती नुकतीच मोकळी झाली होती. लग्न केलेलं नव्हतं, आणि घरात शेवटचा शब्द तिचा. हे हिम्मतरावांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते प्रशांतकडे बघत बोलत होते.

"आमच्या क्वांटमचं असं आहे बघा, प्रशांतराव. इलेक्ट्रॉनला विचारलं, बाबा रे, तू वर तोंड करून आहेस की खाली? तर आपण विचारेपर्यंत त्याच्याकडे उत्तरच नसतं. आपल्याला माहीत नसतं असं नव्हे हं! उत्तर मुळात नसतंच. वर आणि खाली, दोन्ही एकदम. लोकांना पटत नाही. मग मी सांगतो, अहो, तरुणपणी मी याच चिक्कडपल्लीत एक मुलगी बघायला आलो होतो. पोहे खाल्ले, संक्रांतीचे दिवस, तिळगूळ खाल्ला, मुलगी बघितली आणि म्हणालो, कळवतो. आणि ते कळवायचं राहूनच गेलं! म्हणजे ती बिचारी अजून तशीच. पसंत आणि नापसंत, दोन्ही एकदम!"

प्रशांत हसला, मुलीच्या बापाला हसावंच लागतं. इंदू तोंडाला पदर लावून हसली. होणारा सासरा म्हणून रेणूही हसली. संदेशनं हे लहानपणापासून ऐकलेलं, तो मोबाईल बघत होता. फक्त चतुराबाईंचा मिरचीभज्याकडे गेलेला हात वाटेतच थांबला, आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं.

लेक चहा ओतत होती. थेंब सांडला नाही.

"साखर किती, सर?"

"एकच."

तेव्हा दोन घेतली होती, हे त्रिवेणीला आठवलं. तिनं एकच घातली.

हो, ती मुलगी त्रिवेणीच. हिम्मतरावांनी ओळखलं नाही, कारण पेरूच्या झाडाचं ते बैठं घर पाडून बिल्डरनं तिथं हीच इमारत उभी केली होती. आणि नाव? विसरण्यासाठी आधी लक्षात ठेवावं लागतं. प्रशांत तेव्हा वरंगलला होस्टेलवर होता. 'अक्काला एक स्थळ आलं होतं' एवढंच त्याला माहीत. त्रिवेणीला मात्र कोण येणार आहे ते स्थळाचं नाव ऐकताच कळलं होतं, आणि चतुराबाईंनाही. मायलेकींनी आदल्या दिवशी ठरवलं होतं की झालं गेलं मुसी नदीला मिळालं; पोरीच्या सुखाआड यायचं नाही. त्रिवेणीनं तर चंदेरी काठांची ठेवणीतली साडीही नेसली होती. तो विनोद तोंडात ठेवून हिम्मतराव उठले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

त्रिवेणीचे वडील एकनाथराव कोर्टात शिरस्तेदार. घराचा त्यांचा एक कायदा होता : एका ठिकाणचं उत्तर आल्याशिवाय मुलीची पत्रिका दुसरीकडे द्यायची नाही. "पोरगी म्हणजे काय सुलतान बाजारातलं कापड आहे? चार दुकानांत एकदम उलगडायला?" कायदा चांगलाच होता. समोरचाही कायद्याचा माणूस असेल तर. हिम्मतरावांनी 'कळवतो' म्हटलं आणि एकनाथराव पोस्टमनची वाट बघू लागले. मधे लातूरचं एक स्थळ आलं, बँकेतला मुलगा, माणसं सरळ. एकनाथरावांनी परत पाठवलं : "एका ठिकाणी बोलणं चालू आहे." त्या वर्षीच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळात कुणीतरी सहज म्हणालं, "काय एकनाथराव, हिम्मतच्या लग्नाला दिसला नाहीत?"

घरी येऊन एकनाथरावांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "त्यांनी लग्न केलं असेल. आपल्याला कळवलं कुठं?"

अर्धा हट्ट, अर्धी शरम. पत्रिका देव्हाऱ्याखालच्या डब्यात गेली ती बाहेर आली नाही. इकडे लोकही बोलायचे ते बोललेच : एवढी बघून गेले, पुन्हा फिरकले नाहीत, काहीतरी असेल पोरीत. पुढं विचारणारे संपले. एकनाथरावही गेले. बापाच्या हट्टाचा राग त्रिवेणीनं बापावर कधी काढला नाही. तोही तिनं त्या एकाच माणसाच्या नावावर मांडून ठेवला. हिशेबाला हे चुकीचं आहे. पण मन काही शिरस्तेदार नसतं.

चहा झाला. हिम्मतराव उठले, हात जोडले. "आमच्याकडून हो आहे बरं का. तुमचं बोला."

प्रशांतनं तोंड उघडलं. त्रिवेणी त्याच्या आधी बोलली.

"कळवतो."

चतुराबाईंना ठसका लागला. हिम्मतराव मांडीवर थाप मारून हसले. "वा! आमचाच इलेक्ट्रॉन आमच्यावर! मार्मिक आहात, ताई!"

जिन्यावरून खाली जाईपर्यंत ते हसत होते.

दार लागताच रेणू स्वयंपाकघरात घुसली. "आत्या, ये क्या है? सीधा हौ बोलना था ना! कळवतो म्हणजे? मी काय इलेक्ट्रॉन आहे?"

"तू नाहीस. मी आहे," त्रिवेणी म्हणाली, आणि भज्यांची ताटली धुता धुता सगळं सांगितलं.

रेणूचा आवाज खाली आला. "तो जोक तुझ्यावर होता? आणि मी हसले. छी. थांब, मी संदेशला सांगते. अंकल येऊन सॉरी म्हणतील."

"नक्को. सॉरी म्हणायला त्यांना आवडेल. त्याचंही व्याख्यान करतील, आणि त्यात मी पुन्हा बिचारी. मला त्यांचं उत्तर पाहिजे. हो की नाही. आणि या खोलीत नाही. बाबांना विचारणारी ती माणसं जिथं बसतात तिथं, मंडळात, त्यांच्यासमोर. तोवर या घरातून तिकडे हो जाणार नाही."

"आणि माझं लग्न?"

त्रिवेणीनं नळ बंद केला. तेवढं तिलाही खुपलं.

आता हिम्मतरावांचे फोन येऊ लागले. पहिला फोन हसत. दुसरा हवापाण्याचा. तिसऱ्यात 'प्रशांतराव'चे 'साहेब' झाले. मग नामपल्लीहून खुबानीच्या मिठाईचा डबा आला.

"अक्का, ते विचारतात, काही कमी पडलं का?"

"तसं काही नाही म्हण."

"मग काय आहे म्हणू?"

"घरात बोलणं चालू आहे म्हण."

प्रशांत सरळ माणूस. खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तिकडची खबर रेणू आणायची. अंकलना झोप लागत नाही. अंकलनी संदेशला दाढी काढायला लावली. अंकल म्हणतात, मी फार बोललो का रे? अंकलनी मिशी काळी केली. हे ऐकताना त्रिवेणीला साधं वरण गोड लागायचं, आणि ती वर आणखी एक पळी घ्यायची. वाट बघणारा माणूस स्वतःलाच चाळणी लावतो : माझा रंग, माझं बोलणं, माझा बाप. त्रिवेणीनं ही चाळणी वर्षानुवर्षं फिरवली होती. आता जरा दुसऱ्याच्या हातात.

एका रविवारी संदेश एकटा आला. गुळगुळीत दाढीत तो शाळकरी दिसत होता. "आत्या, माझ्यात काही प्रॉब्लेम असेल तर सांगा. मी दुरुस्त करतो."

पोरगा चांगला होता, हीच पंचाईत होती. काहीतरी बोलायचं म्हणून त्रिवेणीनं विचारलं, "तुझ्या आईबाबांचं कसं जमलं रे?"

संदेश खुलला. घरातली आवडती गोष्ट होती. "त्यांचा साखरपुडा दत्तजयंतीचा. आई होती तोवर त्या दिवशी आमच्याकडे बासुंदी असायचीच. नांदेडचे आजोबा, आईचे वडील, बाबांच्या नोकरीसाठी शब्द टाकणार होते, पण साखरपुडा झाल्यावर टाळायला लागले. बाबांची आई, आमची आजी, म्हणजे डोकं! ती म्हणाली, संक्रांतीला हैदराबादेत एक मुलगी बघून ये. नुसतं बघितल्यासारखं कर. आजोबांच्या कानावर गेलं, घाबरले, आणि आठवड्यात बाबांची ऑर्डर!"

तो मनापासून हसला. चतुराबाई जपमाळ ओढत होत्या. माळ थांबली.

"आणि ती मुलगी?" त्रिवेणीनं विचारलं.

"असेल कुणीतरी."

दत्तजयंती मार्गशीर्षात. संक्रांत तिच्यानंतर. हे समजायला पदार्थविज्ञान लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. त्रिवेणीनं संदेशला चहा दिला, दारापर्यंत सोडलं, "पोरा, तुझ्यात काही खोट नाही," म्हणाली, आणि लिफ्ट खाली जाईपर्यंत उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, त्या दिवशी काहीतरी उन्नीस-बीस झालं असेल. साडीचा रंग, आवाज, एखादं उत्तर. काहीच झालं नव्हतं. ती ताटात येण्याआधीच पंगत उठली होती.

संध्याकाळी तिनं रेणूला जवळ बसवलं. "तुझं हो आहे. आजपासून. संदेशलाही सांग. पण तुझ्या सासऱ्याला कळवायचं नाही."

रेणूनं तिला मिठी मारली, मग मागं सरून तोंडाकडे बघितलं. "आत्या, हे तर त्यांनी केलं तेच झालं ना? ठरवून ठेवायचं आणि सांगायचं नाही."

"हौ. अगदी तेच. सूतभर फरक नाही."

आठवड्यानं मंडळाचा कार्यवाह सुरेश आला. व्याख्यानमालेत यंदा नांदेडचे हिम्मतराव सर, आणि ठरलेले अध्यक्ष नातवाच्या बारशाला गेलेले. "त्रिवेणीताई, तुम्ही दरवर्षी नाही म्हणता, तरी विचारतो."

"होते की अध्यक्ष."

चकित झालेल्या सुरेशला बसायला खुर्ची सापडेना. "यंदा कसं काय?"

"यंदा वेळ आहे."

वेळ होताच. पण मंडळाचा एक नियम होता, फार जुना आणि कुणी न मोडलेला : अध्यक्ष शेवटी बोलतात, आणि अध्यक्षांनंतर वक्त्यानं बोलायचं नसतं. भल्याभल्या वक्त्यांना त्या खुर्चीतून आलेला उपदेश ऐकत गप्प बसावं लागलं होतं. कोर्टाच्या शिरस्तेदाराच्या मुलीला कुठली खुर्ची कधी घ्यावी हे समजत होतं.

हिम्मतराव सर अध्यक्षांचं नाव ऐकून खूश झाले. मुलीच्या आत्याला प्रसन्न करायची आयती संधी! माईक हाती येताच म्हणाले, "आजच्या अध्यक्षा माझ्या होऊ घातलेल्या... असो, त्या कळवणार आहेत!" लोक हसले. सभागृह भरलेलं होतं. गौलीगुड्यातले, काचीगुड्यातले जुने लोक पुढच्या रांगांत, एकनाथरावांच्या पंक्तीला जेवलेले. तिसऱ्या रांगेत प्रशांत, इंदू, रेणू, संदेश.

व्याख्यान चांगलं झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही. एकच कण दोन वाटांनी गेल्यासारखा कसा वागतो, पृथ्वीच्या दोन टोकांना नेलेल्या दोन कणांची उत्तरं एकमेकांशी कशी जुळतात, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. त्रिवेणीलाही क्षणभर वाटलं, या माणसाला आपला विषय खरोखर आवडतो. मग विनोद आला. ज्याच्याकडे एकच ठेवणीचा हार असतो तो प्रत्येक लग्नात तोच घालतो.

"... पसंत आणि नापसंत, दोन्ही एकदम!"

सभागृह खळखळून हसलं. रेणू हसली नाही. संदेशनं तिच्याकडे पाहिलं, मग व्यासपीठाकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. ही संक्रांत आणि आजीनं सांगितलेली संक्रांत एकच, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

अध्यक्षा उठल्या. पर्समधून त्यांनी घरची स्टीलची वाटी आणि एक नाणं काढलं. वर्गात करायच्या तसं टेबलावर नाणं गरकन फिरवलं आणि त्यावर वाटी पालथी घातली. खणखण आत थांबली.

"छापा की काटा?"

"छापा!" पुढून कुणीतरी म्हणालं. "काटा!" मागून.

"कुणालाच माहीत नाही. पण ठरलेलं आहे. वाटीखाली आत्ता या क्षणी एक बाजू वर आहे. आपण बघितलेलं नाही एवढंच. आमच्या मुली परीक्षेत इथंच चुकायच्या. त्यांना वाटायचं, इलेक्ट्रॉन म्हणजे वाटीखालचं नाणं. तसं नाही. सरांनी बरोबर सांगितलं, विचारेपर्यंत तिथं ठरलेलं उत्तर नसतं. वाटीखाली उत्तर लपवून ठेवलं असतं तर ते दूरदूरचे दोन कण जितके जुळतात तितके जुळलेच नसते. हे लोकांनी मोजून बघितलंय. म्हणजे न कळण्याचे दोन प्रकार. एक, ठरलेलंच नाही. दुसरा, ठरलंय पण दडवलंय."

त्या वळल्या.

"सरांची ती चिक्कडपल्लीची मुलगी. सर म्हणतात ती पहिल्या प्रकारातली. मला वाटतं दुसऱ्या. संक्रांतीला सर मुलगी बघायला आले. दत्तजयंतीला, म्हणजे त्याआधीच, नांदेडला सरांचा साखरपुडा झालेला होता. नोकरीचं काम अडलं होतं, ते हलावं म्हणून एक मुलगी बघितल्यासारखं करायचं होतं. ती लटकलेली नव्हती, सर. तुमच्याकडे उत्तर होतं. वाटी तुमच्या हातात होती."

पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. हिम्मतरावांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण आत कुणी राहत नसलेल्या घरासारखं.

"तुम्हाला... हे कुठून..."

"मी एकनाथराव शिरस्तेदारांची त्रिवेणी. तिळगूळ मीच दिला होता. दोन चमचे साखर घेतली होतीत."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. गणपतीत एकनाथरावांना लग्नाचं विचारणारा तोच होता.

"अध्यक्षांनंतर वक्त्यानं बोलायचं नाही असा इथला नियम आहे," त्रिवेणी म्हणाली. "आज अध्यक्ष परवानगी देतात. एका शब्दाची. आमच्या घरी अजून उत्तर आलेलं नाही. हो की नाही?"

"त्रिवेणीताई, तो फक्त विनोद..."

"विनोद कळला. उत्तर कळलं नाही."

"त्या वेळी आई म्हणाली..."

"आईंचं नको. तुमचं."

हिम्मतरावांनी घसा साफ केला. टेबलाकडे बघत, ओठांतल्या ओठांत ते काहीतरी म्हणाले.

"आवाज येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. प्रत्येक सभेला एक असा माणूस असतो, आणि त्या दिवशी तो देवासारखा धावून आला. सुरेश सवयीनं लगबगीनं उठला आणि माईक सरांच्या तोंडापाशी धरला.

"नाही," हिम्मतराव म्हणाले. चारी भोंग्यांतून तो शब्द सभागृहभर झाला. मग, कुणी विचारलं नसताना, "नाहीच होतं. आधीपासून."

"आभारी आहे," त्रिवेणी म्हणाली. वाटी उचलून तिनं एकटीनं नाणं बघितलं आणि दोन्ही पर्समध्ये टाकलं. छापा की काटा, हे सभेला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाल आणि नारळ सुरेशनं कसेबसे उरकले. लोक हिम्मतरावांच्या बाजूनं न जाता दुसऱ्या दारानं पांगले. संदेश वडिलांशी बोलायला थांबला नाही. गाडी काढतो म्हणून खाली गेला. जिन्याच्या वळणावर हिम्मतराव नारळ छातीशी धरून उभे होते. काळी मिशी घामानं ओठाशी चिकटली होती.

"ताई, माझ्यावर काय काढायचं ते काढा. पोरांना नका लटकवू. त्यांचं काय ते... हो की नाही?"

त्रिवेणीनं पदर खोचला.

"हो आहे. केव्हाचंच. तुम्हाला कळवायचं राहून गेलं."

ती खाली उतरली. मागं नारळ पायरीवर पडल्याचा आवाज आला. तिनं वळून बघितलं नाही. रिक्षात तिला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दोन अक्षरांचा तो शब्द इतका लहान कसा, याचंच नवल वाटत राहिलं.

घरी चतुराबाई ताट झाकून बसल्या होत्या. "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"सगळ्यांसमोर?"

"माईकवर."

चतुराबाईंनी मान हलवली. "नाव हिम्मत, अन् एवढा शब्द काढायला जन्म गेला मेल्याचा." मग भिंतीला धरून त्या उठल्या, देव्हाऱ्यापाशी वाकल्या, खालून एक गंजका डबा ओढून काढला आणि त्यातला पिवळा पडलेला कागद त्रिवेणीच्या ताटाशेजारी ठेवला. पत्रिका होती.

"हे कशाला, आई?"

"कशाला म्हणजे? उत्तर आलं ना? आता दुसरीकडे द्यायला मोकळे झालो. तुझ्या बाबांचा कायदाच आहे तसा."

त्रिवेणीनं कागद उचलला. मग तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती की काय ते म्हातारीला नीट दिसेना, म्हणून तिनं दटावलं.

"खिदळतेस काय? तो लातूरचा होता ना, बँकेतला. सरळ माणसं होती. कुठं असतो आता, विचारून तर बघ."